पदकावरच्या राजाला दाढी होती

माझे पणजोबा मुंबई इलाख्यात पोस्टमन होते. १९३४ साली निवृत्त झाल्यावर त्यांना इम्पीरियल सर्व्हिस मेडल मिळालं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. ते चांदीचं पदक १९७२ च्या दुष्काळात घरातून गेलं. हे सगळं मी संग्राहकांच्या एका ग्रुपवर लिहिलं, पणजोबांच्या पूर्ण नावासकट. तिथेच चुकलं.

आठवड्याभरात एकाचा फोन आला. "तुमचं पदक माझ्याकडे आहे, कडेवरचं नाव बघा." फोटोत खरंच पणजोबांचं नाव! माझा घसा दाटून आला. त्याने १८,००० सांगितले, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणाला. मी तासाभरात पैसे पाठवले.

कुरिअर आल्यावर पदक आत्याच्या हातावर ठेवलं. लहानपणी तिने ते हाताळलेलं. खिडकीपाशी नेऊन तिने उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "अरे, हे आपलं नव्हे. त्यावरच्या राजाला दाढी होती."

मग मी अभ्यासाला बसलो. तो आधी करायला हवा होता. सातव्या एडवर्डने १९०२ मध्ये हा सन्मान सुरू केला: वरच्या मुलकी अधिकाऱ्यांना 'इम्पीरियल सर्व्हिस ऑर्डर' हा किताब, खालच्या नोकरांना निवृत्तीच्या वेळी पदक. आधी ते चांदणीच्या आकाराचं होतं, १९२० पासून गोल झालं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला काम संपवून विसावलेला माणूस आणि 'फॉर फेथफुल सर्व्हिस' ही अक्षरं. दाढीवाला तो पाचवा जॉर्ज. माझ्या हातातला बिनदाढीचा सहावा जॉर्ज गादीवर आला डिसेंबर १९३६ मध्ये!

भिंगातून पाहिलं तर नावाखालची कड घासलेली. पदक खरं असेलही, पण कुणा दुसऱ्याचं. स्पेलिंगसुद्धा मी ग्रुपवर लिहिलं होतं तेच. पेन्शनच्या कागदावर ते वेगळं आहे.

असा फोन आला तर तुम्ही नाव सांगूच नका, त्यालाच वाचायला लावा. पूर्ण कडेचा व्हिडिओ मागा. या पदकाच्या मानकऱ्यांची नावं लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापली जात. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट बघता येतात. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन लावा. मी चार दिवस घालवले, तोवर त्याचा नंबर बंद.

कडेवर जुन्या नावाची शेवटची दोन अक्षरं अजून पुसट दिसतात. आत्या रोज विचारते, त्या माणसाच्या घरचे सापडले का?