काफ्का २.५ चा मेटाडेटा: दुरुस्ती चोख, पण आजार निम्माच बरा

हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या जेटींवरचे मासळीचे लिलावभाव काफ्कावर, म्हणजे मेसेज साठवून पुढे पोचवणाऱ्या यंत्रणेवर टाकायचे आणि दर बोटीला वेगळा टॉपिक, म्हणजे मेसेजचा स्वतंत्र कप्पा द्यायचा, अशी मांडणी धरा. टॉपिक २,०००. इथे काफ्का २.४ पर्यंतचा जावा प्रोड्युसर (मेसेज पाठवणारी बाजू) सुरू होतानाच धापा टाकायचा. नवा टॉपिक दिसला की त्याच्या एकट्याचा नव्हे, आधी माहीत असलेल्या सगळ्यांचाच मेटाडेटा (कुठला टॉपिक कुठल्या सर्व्हरवर आहे ही माहिती) पुन्हा मागायचा. पहिल्या बोटीला एक नोंद, दुसरीला दोन. एकेक करत २,००० पर्यंत गेलं की बेरीज २० लाख १ हजार!

२०२० मध्ये आलेल्या २.५ पासून फक्त नव्या टॉपिकचीच चौकशी होते. तीच बेरीज आता २,०००. क्लायंटची जार (जावा लायब्ररीची फाइल) बदलली की झालं, ब्रोकरला, म्हणजे काफ्काच्या सर्व्हरला हात लावायचा नाही. टॉपिक दहा-वीसच असतील तर मात्र फरक जाणवणारही नाही.

पण मेटाडेटा मागायच्या फेऱ्या काही कमी झालेल्या नाहीत. मेसेज पाठवणारा 'सेंड' नावाला असिंक्रोनस (न थांबवणारा). टॉपिकचा मेटाडेटा हाती येईपर्यंत हा 'सेंड' प्रोग्रॅमचा थ्रेड अडवून ठेवतो, डीफॉल्टने ६० सेकंदांपर्यंत. फेरीला ५० मिलिसेकंद धरले तरी २,००० टॉपिकना ओळीने १०० सेकंद लागतात, आणि जेटीवरच्या मोबाइल नेटचा काय भरवसा?

दुसरी गोम 'मेटाडेटा.मॅक्स.आयडल.एमएस' या सेटिंगची. पाच मिनिटं ज्या टॉपिकवर काही गेलं नाही, तो प्रोड्युसरच्या कॅशमधून (जवळ ठेवलेल्या माहितीतून) बाद. दिवसातून एकदाच जेटीला लागणाऱ्या बोटीचा पहिला मेसेज म्हणून रोजच अडकणार. ही मुदत पूर्वी कोडमध्येच ठोकलेली होती, २.५ पासून बदलता येते. २४ तास हवे तर ८,६४,००,००० मिलिसेकंद द्या, लिहिताना स्वल्पविराम न घालता. पण मग दर पाच मिनिटांच्या ठरलेल्या रिफ्रेशमध्ये ते सगळे टॉपिक पुन्हा मागितले जातात. त्यापेक्षा लिलावाआधी दोन-तीन मिनिटं 'पार्टिशन्सफॉर' (टॉपिकचा मेटाडेटा मागवणारा कॉल) मारून टॉपिक गरम करून ठेवणं स्वस्त.

खरं तर बोटीला टॉपिक देणं हीच चूक. जेटीला एक टॉपिक, बोटीचा नोंदणी क्रमांक की (मेसेजची ओळखखूण) म्हणून. एका बोटीचे मेसेज एकाच पार्टिशनमध्ये (टॉपिकच्या एकाच भागात), क्रमाने राहतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत हजारो रिकामे टॉपिक ब्रोकरवर पडून राहत नाहीत, ते वेगळंच.

पायथनमध्ये लिब-आरडी-काफ्का या सी भाषेतल्या काफ्का क्लायंटवरची लायब्ररी वापरत असाल तर वरची आयडलची सेटिंग लागू नाही, तिथे मेटाडेटाची मागणी मोजकी ठेवणारी 'टॉपिक.मेटाडेटा.रिफ्रेश.स्पार्स' आहे आणि ती मुळातच चालू असते.