पूर्वजांचा शोध: घरचा संगणक की ग्रंथालय?
सुरुवात घरूनच करावी. फॅमिलीसर्च या पूर्वजांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून नाव टाकलं की मिनिटभरात नोंदी समोर. २४ लाखांवर मायक्रोफिल्म (कागदपत्रांची बारीक छायाचित्रं असलेल्या फिती) रिळांचं डिजिटायझेशन त्यांनी २०२१ मध्ये पुरं केलं. गंमत अशी, की त्यातली काही पानं घरून उघडतच नाहीत. फॅमिलीसर्चशी संलग्न ग्रंथालयातच जाऊन बसावं लागतं.

ग्रंथालयाची खरी मजा जुन्या वर्तमानपत्रांत. संगणकाने त्यांची छापील पानं वाचताना एक अक्षर चुकवलं की ऑनलाइन शोधात आडनाव गायब! ग्रंथालयात वर्तमानपत्राचं मायक्रोफिल्म रीळ स्वतः फिरवलं, तर निधनवार्तेच्या कोपऱ्यात लेकीचं सासर, जावयाचं गाव हाती लागतं. मान अवघडते, हे खरं.

आणि अ‍ॅन्सेस्ट्री या पूर्वज शोधायच्या संकेतस्थळाची वर्गणी भरण्याआधी ग्रंथपालांना विचारा. बऱ्याच ग्रंथालयांत ते वाचकांना मोफत वापरता येते.