ब्रेकचं बिल आलं, पण पाइपाचा नटही हलला नव्हता

गॅरेजमधून गाडी घेताना पेडल टणक लागलं म्हणजे ब्रेकचं काम झालं, असं धरून चालू नका. आम्हाला याच टणक पेडलनं फसवलं.

पावसाळ्याच्या तोंडावर कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाटात ब्रेक नरम लागायला लागला. पेडल अर्ध्याच्या खाली जायचं, पुन्हा पुन्हा दाबलं की वर यायचं. मुलं मागे बसलेली. दुसऱ्या गिअरवर गाडी कशीबशी खाली आणली आणि रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये लावली. नाव लिहीत नाही.

मालकानं एकदा पेडल दाबून पाहिलं आणि सांगितलं, "साहेब, मास्टर सिलिंडर गेला, बूस्टरही गेलाय." मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलचा दाब ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा भाग, बूस्टर म्हणजे पेडल दाबायला मदत करणारा. बूस्टर गेला तर पेडल दगडासारखं घट्ट होतं, नरम होत नाही. हे मी बोलून दाखवल्यावर बूस्टर यादीतून लगेच गेला, मास्टर सिलिंडर राहिला. संध्याकाळी ७,८०० रुपयांचं बिल हातात आलं: नवा मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइल, चारही चाकांच्या ब्रेकची एअर (ऑइलच्या पाइपांत शिरलेली हवा) काढणे, मजुरी. जुना पार्ट मागितला, तर "भंगारवाला घेऊन गेला". पेडल मात्र छान वर आलं होतं.

काही दिवसांतच मागच्या चाकांकडून करपल्यासारखा वास यायला लागला, आणि पेडल परत खाली. ओळखीच्या फिटरकाकांकडे गाडी नेली. त्यांनी काही न बोलता बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या लोखंडी पाइपांच्या नटांवर जुना गंज आणि त्यावर धुळीचा थर तसाच बसलेला, पान्याचा एकही ओरखडा नाही. हे नट सोडल्याशिवाय सिलिंडर निघतच नाही. जुनाच सिलिंडर वरून पुसून चकचकीत केला होता.

मग चाकं काढली. एअर ज्या निपलमधून काढतात, त्याच्या रबरी टोपीवर चिखल वाळून घट्ट बसला होता. म्हणजे एअरही काढलेली नव्हती. मास्टर सिलिंडरवरच्या डबीतलं थोडं ऑइल उपसून तिथे नवं ओतलेलं, त्यामुळे वरून स्वच्छ पिवळसर दिसत होतं; निपल उघडल्यावर नळीतून काळपट ऑइल आलं, सोबत बुडबुडे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ते उकळून वाफ झाली की पाय थेट खाली जातो. तेच जुनं ऑइल आत ठेवून आम्हाला घाटाच्या रस्त्याला लावून दिलं होतं!

मग पेडल वर कसं आलं? हँडब्रेकची केबल ताणून ठेवली होती. आमची गाडी जुनी, मागे ड्रम ब्रेक. केबल ताणली की ब्रेक शू (आतले घासणारे पट्टे) ड्रमला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या वाटीला, जवळजवळ चिकटतात, पेडलला कमी जावं लागतं आणि ब्रेक 'सुधारला' असं वाटतं. शू घासत राहतात, ड्रम तापतो, वास येतो तो त्याचाच.

खरा दोष मागच्या डाव्या चाकात होता. शू ड्रमकडे ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर गळत होतं, शू ऑइलनं भिजले होते आणि तिथूनच हवा आत शिरत होती. काकांनी दोन्ही बाजूंचे व्हील सिलिंडर आणि शू बदलले, केबल सैल केली, मला पेडलवर बसवून सगळं जुनं ऑइल बाहेर काढलं. नळी बाटलीत सोडलेली, "दाबा, धरून ठेवा" म्हणत बुडबुडे थांबेपर्यंत. सगळा खर्च आधीच्या बिलाच्या निम्म्याहूनही कमी. मास्टर सिलिंडर गेलाय का, हे त्यांनी मला पाहायला शिकवलं: इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरायचं. बाहेर कुठे गळती नसताना ते हळूहळू खाली बसत गेलं, तर संशय त्याच्यावर. आमचं जागेवर राहिलं.

असं काम निघालं तर जुना पार्ट हातात देणार का, हे गाडी सोडतानाच विचारा आणि एअर काढताना स्वतः उभे राहा. मी नटांचे, निपलचे फोटो काढून ठेवले होते. ते आणि पक्कं बिल घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. गॅरेजनं पैसे परत केले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावायलाच हवा असंही नाही.