चोरीला गेलेली गाडी: विम्याची रक्कम घ्यावी की गाडीची वाट पाहावी?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत रात्री दारात लावलेली गाडी सकाळी जागेवर नसली, तर ताबडतोब गुन्हा नोंदवणे आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवणे, या दोन गोष्टींबाबत विचार करत बसण्याचे कारण नाही. फास्टॅगचा शेवटचा संदेशही पोलिसांना लगेच दाखवावा. किणी टोल नाक्यावर पैसे कापले असतील तर गाडी साताऱ्याच्या दिशेने गेली आणि कोगनोळीला कापले असतील तर निपाणीकडे, एवढा माग त्यातून मिळतो. खरा निर्णय काही आठवड्यांनी करावा लागतो, कारण विम्याची पूर्ण रक्कम स्वीकारताना गाडीवरील आपला हक्क कंपनीच्या नावे लिहून द्यावा लागतो आणि त्यानंतर गाडी सापडली तरी ती आपली राहत नाही.

रक्कम घेण्याचा मार्ग निश्चित आहे, पण तो संथ आहे. पोलिसांनी तपास करूनही गाडी न मिळाल्यास ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस न आलेला, असा अहवाल न्यायालयात जातो आणि कंपन्या सहसा तो पाहूनच पैसे देतात. मिळते ती पॉलिसीवरील आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा करून ठरवलेली गाडीची विमा किंमत, मूळ किंमत नव्हे. रूढ घसारा दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के धरतात. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचे येणे वळते होते: आयडीव्ही चार लाख आणि कर्ज अडीच लाख असेल, तर हातात जेमतेम दीड लाख येतात, आणि तोवरचे हप्तेही थांबत नाहीत. केवळ थर्ड पार्टी, म्हणजे इतरांच्या नुकसानीपुरता, विमा असणाऱ्यांना मात्र हा मार्गच नाही.

वाट पाहणाऱ्याला गाडी मिळालीच, तरी ती आधी मुद्देमाल म्हणून जमा होते आणि न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा गाडी हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवावी लागते. जप्त वाहने पोलीस ठाण्यात कुजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले आहे. तरीही ठाण्याच्या आवारात चाके चिखलात रुतलेल्या आणि बॉनेटवर वेल चढलेल्या गाड्या पाहिल्या की जीव तुटतो. कोल्हापूरच्या पावसात उघड्यावर काढलेला एक हंगाम इंजिनाला आणि वायरिंगला फार महागात पडतो.

माझे मत स्पष्ट आहे: पूर्ण विमा असेल तर रक्कम घ्यावी. वाट पाहावी ती आयडीव्ही अगदीच कमी असलेल्या, पण चालू स्थितीतील जुन्या गाडीसाठी, आणि तीही तपासात काही ठोस धागा असेल तरच. दावा मंजूर होण्याआधी गाडी सापडली, तर कंपनी सहसा फक्त गाडीच्या मोडतोडीची भरपाई देते, हेही लक्षात घ्यावे.

आमच्या थोरल्या भावाचा दावा कंपनीला चार दिवस उशिरा कळवल्याच्या कारणावरून नाकारला गेला आणि घरात सगळ्यांनीच आशा सोडली होती. वास्तविक गुन्हा वेळेत नोंदवला असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ या विलंबावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. अशा वेळी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दाव्यासाठी दोन्ही मूळ किल्ल्या मागतात, म्हणून कपाटातली दुसरी किल्ली आजच शोधून कागदपत्रांसोबत ठेवावी.