मालिकांतल्या नटांचे अल्बम: काही महिने ऐकल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून रंकाळ्यावरच्या संध्याकाळच्या फेरीत मी इंग्रजी मालिकांतल्या नटांनी काढलेले अल्बम ऐकतोय. आपल्याकडे हे प्रकरण टिंगलीच्या क्लिपांपुरतंच पोचलंय. ते मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात जास्त टिंगल झाली ती विल्यम शॅटनरची, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कची. 1968 च्या 'द ट्रान्सफॉर्म्ड मॅन'मध्ये तो गात नाही, गाण्याचे शब्द बोलतो. 'मिस्टर टॅम्बरिन मॅन'च्या शेवटी तर चक्क किंचाळतो. क्लिपमध्ये नेमकं तेवढंच कापून घेतलेलं असतं. पण अल्बममध्ये त्या गाण्याला जोडून आधी 'सिरानो' नाटकातला उतारा आहे, दुसऱ्या एका गाण्याला हॅम्लेटचा. आधी नाटक, मग गाणं, अशी जोडी लावलेली आहे. आधीचा भाग गाळला की उरलेला वेडेपणाच वाटणार. 1956 मध्ये कॅनडातल्या स्ट्रॅटफर्ड महोत्सवात ख्रिस्तोफर प्लमर आजारी पडल्यावर याच शॅटनरने शेक्सपियरचा हेन्री पाचवा उभा केला होता, आणि अल्बमची सुरुवातही हेन्रीच्याच भाषणाने होते. अल्बम सगळाच जमलाय असं नाही, काही ठिकाणी वाद्यं त्याच्या अंगावर येतात. पण त्यात मेहनत आहे आणि धाडसही.

माझं सगळ्यात आवडतं मात्र 'रिंगो'. 'बोनान्झा'मधल्या लॉर्न ग्रीनचं हे गाणं 1964 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं. एक माणूस जखमी बंदूकबाजाच्या अंगातली गोळी काढून त्याला वाचवतो. पुढे तोच माणूस कायद्याचा रखवालदार होतो आणि दोघं समोरासमोर येतात. ग्रीन भरदार आवाजात गोष्ट सांगत राहतो आणि मागचे लोक फक्त "रिंगो" एवढंच गातात. एका रविवारी घरी स्पीकरवर हे लागलं होतं. आबांना इंग्रजी येत नाही. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "ह्यो गात न्हाई, सांगतोय. पवाडाच की ह्यो. मागनं झीलकरी बी हाईत." पिराजीराव सरनाईकांचे पोवाडे ऐकलेला कान आहे तो, त्यामुळे मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. तेव्हापासून मीही या बोलक्या गाण्यांकडे शाहिरीच्याच अंगाने बघतो, आणि ती पटकन पोचतात.

'कोजॅक'मधल्या टेली सावलासचं 'इफ' 1975 मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आलं होतं. तेही बोललेलंच आहे, पण दोनदा ऐकलं की पुरे. 'स्टार ट्रेक'मधलाच लेनर्ड निमॉय तिथल्या स्पॉकच्या भूमिकेत राहून बोलतो तेव्हा मजा येते, सरळ प्रेमगीत गायला लागला की पडतो. आवाज गायकाचा नसला तरी चालतं, पण माणसाने नटच राहिलं पाहिजे, असं माझं मत होत गेलंय.

याला सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे पुन्हा शॅटनरच. 2004 चा 'हॅज बीन', निर्माता बेन फोल्ड्स. इथे वाद्यं त्याच्या बोलण्याला जागा देतात. 'कॉमन पीपल'मध्ये तो बोलत बोलत चिडत जातो, आणि मग गायक जो जॅक्सन याचा गाता आवाज वर चढतो. 'दॅट्स मी ट्राइंग'चे शब्द कादंबरीकार निक हॉर्नबीचे आहेत. दुरावलेल्या मुलीशी पुन्हा नातं जोडू बघणारा बाप त्यात आहे, आणि त्याचं अवघडलेपण हा माणूस एकेका शब्दात दाखवतो. 'व्हॉट हॅव यू डन' मात्र गाडी चालवताना लावू नका. 1999 मध्ये त्याची बायको घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून गेली, त्या रात्रीबद्दल तो जवळजवळ कुजबुजत सांगतो. मी ते गाणं क्वचितच लावतो.

ह्यू लॉरीची गोष्ट वेगळी. 'हाउस'मधला हा डॉक्टर खरोखरचा पियानोवादक आहे. 2011 च्या 'लेट देम टॉक'मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सची जुनी ब्लूज गाणी आहेत आणि ब्रास वाद्यांची मांडणी अ‍ॅलन टूसांची. सुरुवातीला नुसता पियानो बराच वेळ चालतो. हा भाग हेडफोनवरच ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर पार जातात. गळा साधा आहे, आणि ते त्याला माहीत आहे. म्हणून 2013 च्या 'डिडन्ट इट रेन'मध्ये त्याने गॅबी मोरेनो आणि जीन मॅकक्लेन यांना भरपूर गायला दिलंय आणि स्वतः पियानोवर थांबलाय. फेरीला माझ्या कानात सध्या तोच अल्बम असतो.