माडीवर गेम अडकतो: तार ओढावी, मेश घ्यावा की कनेक्शनच बदलावं?

"मामा, परत अडकलं की!" गेल्या पावसाळ्यात रात्रीचे नऊ वाजले की माडीवरून ही हाक ठरलेली. आमचं घर शहापुरातलं. जुन्या बेळगावातली घरं असतात तसं अरुंद आणि लांबलचक: पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे परसू, आणि माजघराच्या वर माडी. फायबरवाल्याने खिडकीच्या चौकटीला भोक पाडून वायर आत घेतली आणि राउटर सोप्यातच टीव्हीच्या मागे ठेवून गेला. भाचा खेळतो माडीवर. मध्ये हातभर जाडीची भिंत आणि आजीचं लोखंडी कपाट. प्लॅन १०० एमबीपीएसचा होता, तो ३००चा करा असं घरात सगळ्यांचं एकमत झालं. केला. हाक काही थांबली नाही.

थांबणार तरी कशी? बीजीएमआय किंवा व्हॅलोरंटसारखा ऑनलाइन गेम चालू असताना सेकंदाला एक मेगाबिटसुद्धा लागत नाही. माहितीचं छोटं पाकीट गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो, तो वेळ सारखा राहतो का, आणि वाटेत काही गळतं का, एवढंच गेमला कळतं. काँग्रेस रोड कितीही रुंद केला तरी दुसरं रेल्वे गेट पडलं की थांबायचं ते थांबायचंच. तेव्हा आधी गेट कुठे आहे ते शोधा, पैसे मग.

त्याला दहा मिनिटं लागतात. लॅपटॉप जिथे खेळता तिथेच ठेवा आणि कमांडच्या दोन खिडक्या उघडून दोन पिंग चालू ठेवा (पिंग म्हणजे पाकीट एखाद्या पत्त्याला जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले त्याचा आकडा): एक घरच्या राउटरला (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), दुसरा बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ला. माडीवर आमचा राउटरचाच आकडा ३, ४, १८०, ५, २४० असा उड्या मारत होता. स्वतःच्या घरातल्या डब्यापर्यंत जायला २४० मिलिसेकंद! म्हणजे कंपनीला शिव्या घालण्यात अर्थ नव्हता, दोष भिंतीचा होता. राउटरचा आकडा १ ते ५ वर शांत आणि फक्त बाहेरचा उसळत असेल, तर मात्र घरात नवीन डबे आणू नका, थेट खाली कनेक्शनच्या भागाकडे जा.

घरातला दोष असेल तर पहिला उपाय फुकटचा. राउटर टीव्हीच्या मागून काढून उंचावर, मोकळ्या जागी ठेवा आणि गेमचा फोन ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जास्त आत जातं हे खरं, पण त्यात एकमेकांना न छेदणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या गल्लीत घराला घर चिकटून, सतरा वायफाय दिसतात आणि सगळे त्याच तिघांत कोंबलेले. शिवाय ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्हही तिथेच. ५ गिगाहर्ट्झला गर्दी कमी, पण जाड भिंत दिसली की ते मान टाकतं. हनुमाननगर, सह्याद्रीनगरच्या नव्या टू-बीएचकेत एवढ्यावरच काम भागतं. आमच्या घरात सोप्यापासून माडीपर्यंत सिग्नलची एकच काडी उरली.

मग दुकानदार हातात ठेवतो एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पकडून पुढे ढकलणारा डबा, दीड-दोन हजारांचा. घेऊ नका. स्वस्तातला एक्स्टेंडर त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो आणि पिंगमध्ये आणखी एक थांबा वाढतो. फोनवर काड्या चार दिसतात एवढंच समाधान. व्हॉट्सॲपला ठीक.

विजेच्या वायरिंगमधूनच नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर हा चतुर पर्याय वाटतो. पण वडगाव, खासबागेत ज्यांच्या घरात यंत्रमाग आहेत त्यांनी त्या वाटेला जाऊच नये. मोटारीचा गोंगाट त्याच वायरीत मिसळतो. आणि जुन्या घरात सोपा एका मीटरवर, माडी दुसऱ्यावर असते, तिथे तर विषयच संपला.

खरी लढत मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, आणि तार यांच्यात. दोन डब्यांचा बरा मेश पाच-सहा हजारांच्या पुढे जातो. दिसायला देखणा, घरभर एकच नाव, फोन आपोआप जवळचा डबा धरतो. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर मी मेशच घ्यायला सांगेन. पण दोन डबे आपसात बोलतात हवेतूनच, आणि आमच्यासारखी भिंत मध्ये आली की त्यांचीही तीच गत. दुसरा डबा अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून उपयोग नसतो, अर्ध्या वाटेवर ठेवावा लागतो. आमच्याकडे अर्धी वाट म्हणजे देवघर. आईने एका वाक्यात विषय संपवला.

म्हणून तार. शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल मीटरला साधारण वीस-तीस रुपयांना मिळते, आम्हाला बावीस मीटर लागली. "तांब्याचीच ना?" हे दुकानात दोनदा विचारा, कारण ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल तशीच दिसते, वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. टोकाला आठही तारा नीट बसल्या पाहिजेत. चारच लागल्या तर लिंक १०० एमबीपीएसवर अडकते आणि ३००चा प्लॅन नुसता बिलापुरता राहतो. १०० मीटरपर्यंत तारेचं अंतर चालतं, घरात एवढं कुणाला लागत नाही.

यावर लगेच प्रश्न येतो की पोरं खेळतात मोबाईलवर, तार लावायची कुठे? काही फोनना टाइप-सीचा लॅन अडॅप्टर चालतो, पण चार्जिंगचं भोक अडवून खेळायला कुणाला आवडत नाही. आम्ही केलं ते असं: तार माडीवर नेली आणि कपाटात पडलेला जुना ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही देणारा) राउटर तिथे ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय देण्यापुरता लावला. त्याचं डीएचसीपी (फोनना पत्ते वाटण्याचं काम) बंद केलं, पत्ता बदलून १९२.१६८.१.२ ठेवला आणि तार वॅनच्या (बाहेरच्या नेटच्या) नव्हे तर लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात घातली. आता फोन आणि राउटर एकाच खोलीत, ५ गिगाहर्ट्झवर. राउटरचा पिंग २-३वर बसला. मेश घेतला असेल तर त्याचेही दोन डबे असेच तारेने जोडता येतात, तेव्हा तो पैसे वसूल करतो.

तार दोन घरांच्या मध्ये उघड्यावरून मात्र ओढू नका. एप्रिल-मेच्या वळवात इथे विजा कशा कडाडतात ते ठाऊक आहे, तांब्याच्या तारेतून दोन्हीकडचे डबे जळतात. तिथे फायबरच हवं.

आता घर शांत, बाहेरचाच आकडा उसळतोय असं असेल तर. तो फक्त कुणीतरी काही वर चढवत असतानाच उसळतो का ते बघा. लग्नाचे फोटो बॅकअपला लागले की अपलोड तुंबतं, राउटर पाकिटांची लांब रांग लावतो आणि गेमचं चिमुकलं पाकीट त्या रांगेच्या शेपटीला उभं राहतं. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस, म्हणजे ही रांग आवरणारी सोय असेल तर मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. नसेल तर रात्री नऊ ते अकरा बॅकअप बंद. भांडण फुकटात मिटतं.

तेही नसेल तर लाइन. ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा जोर, किती आहे ते कंपनीचा माणूस आला की त्याच्याकडून मोजून घ्या. मायनस २० डीबीएमच्या आसपास असेल तर निवांत, मायनस २७कडे झुकली तर कुठेतरी वायर मुडपलीय किंवा जोड बिघडलाय. आमच्याकडच्याने तीनदा "आयतु (कन्नडमधलं 'बरं'), उद्या बघूया की" म्हटलं. चौथ्या दिवशी सापडलं: गणपतीच्या मिरवणुकीला बांबूने वर उचललेली वायर खांबाच्या खिळ्यावर कचकन दुमडून राहिली होती.

फायबर काढून ५जी वायरलेस घ्यावं का? शहरात तुमच्या दारात फायबर असेल तर गेमसाठी नाही. टॉवरची हवा सगळ्यांत वाटलेली, संध्याकाळी आकडा हलतो. शिवाय एक सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटला जातो, त्यामुळे काही गेममध्ये 'नॅट स्ट्रिक्ट' (बाहेरून थेट जोडणी अडवलेली) असं दिसतं आणि मित्राच्या लॉबीत शिरता येत नाही. हे काही फायबर कंपन्यांतही होतं, ते कनेक्शन घेण्याआधी विचारावं. पण जांबोटी, कणकुंबीच्या वाटेवर, जिथे पावसाळ्यात झाड पडून फायबर दोन-दोन दिवस तुटतं, तिथे निवडच वेगळी. घराबाहेर ५जी खरंच चांगलं येतंय का ते फोनवर आठवडाभर बघा, येत असेल तर घ्या.

एक हिशेब डोक्यात ठेवा. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बेळगावहून मुंबई रस्त्याने पाचशेच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद. पण कंपनीने पाकीट आधी बेंगळुरूला नेऊन मग मुंबईला धाडलं तर अंतर तिप्पट. पिंग २५-३० दिसला तर तो असा. तिथे कुठलाही महागडा गेमिंग राउटर काही करू शकत नाही, आणि ३० मिलिसेकंदात उत्तम खेळता येतं.

शेवटचा खर्च हजार-दीड हजारांचा: राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस. लाइट गेली की घरचा इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत क्षणभर झटका बसतो, राउटर रीस्टार्ट होतो आणि परत उभा राहीपर्यंत मॅच संपलेली असते. तुमच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटरसाठीचं यूपीएस मोडचं बटण असेल तर आधी ते दाबून बघा.

माडीवरून आता हाक येत नाही. तार जिन्याच्या कठड्यावरून गेलीय, आणि पावसाळ्यात आई तिच्यावर रुमाल वाळत घालते.