तीन बॅक की चार? २०२२ च्या अर्जेंटिनाकडे बघून ठरवा

कॉलेजची फुटबॉल टीम असो की तालमीची, उतरवताना पहिला वाद ठरलेला: मागे तीन स्टॉपर (मधले बचावपटू) की नेहमीचे चार बॅक? दोन्ही मांडण्या एकाच संघाने, जवळपास त्याच पोरांना घेऊन खेळलेल्या बघायच्या असतील तर डिसेंबर २०२२ चे, वर्ल्ड कपमधले अर्जेंटिनाचे शेवटचे तीन सामने काढा. ९ तारखेला नेदरलँड्स, १३ ला क्रोएशिया, १८ ला फ्रान्स. दहा दिवसांत तीन वेगळ्या मांडण्या, आणि प्रशिक्षक स्कालोनींनी प्रत्येक वेळी समोरच्याचं दुखणं ओळखून बदल केला.

नेदरलँड्सविरुद्ध ५-३-२, म्हणजे मागे तीन स्टॉपर आणि दोन कडांना वर-खाली पळणारे दोन विंगबॅक. आधीच्या फेरीत डच विंगबॅकांनीच अमेरिकेची वाट लावली होती. डमफ्रीसचे गोलसाठीचे दोन पास आणि स्वतःचा एक गोल, पलीकडच्या ब्लिंडचाही एक गोल. म्हणून लिसांद्रो मार्टिनेझ तिसरा स्टॉपर म्हणून आत आला आणि मोलिना-अकुन्या यांना कडेने वर जायची मोकळीक मिळाली. ३५व्या मिनिटाचा गोल पुन्हा पुन्हा बघण्यासारखा आहे. मेस्सी बॉल घेऊन आत सरकतो, डच बचाव त्याच्यामागे ओढला जातो, आणि तो न बघताच उलट्या बाजूला पास सोडतो. तिथे बॉक्समध्ये कोण? राइट बॅक मोलिना. मागे तीन जण उभे होते म्हणूनच तो इतक्या आत घुसू शकला. दुसरा गोल पेनल्टीचा; तीही डाव्या विंगबॅकने, अकुन्याने, मिळवलेली.

पण २-० झाल्यावर हीच मांडणी अंगाशी आली. विंगबॅक मागे सरकले, तीनाचे पाच झाले, सगळा संघ स्वतःच्या बॉक्सपाशी गोळा झाला. डच प्रशिक्षक व्हॅन गाल यांनी वेगहॉर्स्ट आणि ल्यूक डी याँग ही उंच माणसं उतरवली होती. ८३व्या मिनिटाला वेगहॉर्स्टचं हेडर आणि भरपाई वेळेत फ्री किकवर त्याचाच दुसरा गोल. अर्जेंटिना टायब्रेकरवर सुटला.

क्रोएशियाचा धोका कडेला नव्हता, मध्ये होता: मॉड्रिच, ब्रोझोविच, कोव्हाचिच. एक स्टॉपर कमी करून परेदेसला घेतलं, मध्यात चार जण, ४-४-२. बॉल जास्त वेळ क्रोएशियाकडे, गोल ३-० अर्जेंटिनाचे. यावर फार लिहावं असं काही नाही.

खरी गंमत फायनलची. ४-३-३, आणि डी मारिया डाव्या कडेला. तो एरवी उजवीकडचा. पण फ्रान्सचा राइट बॅक कुंदे मुळात स्टॉपर आणि त्याच्यापुढे देम्बेले, ज्याला मागे येऊन बचाव करायचा म्हणजे शिक्षाच. त्यानेच डी मारियाला पाडलं आणि पेनल्टी दिली. ३६व्या मिनिटाला प्रतिहल्ल्यात मॅक अ‍ॅलिस्टरचा पास आला तेव्हा डावीकडे डी मारिया मोकळा होता, आणि गोल. ४१व्या मिनिटालाच फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँनी देम्बेले आणि जिरू दोघांनाही बाहेर घेतलं. पण ६४व्या मिनिटाला डी मारियाही गेला, अकुन्या आला आणि माझ्या मते फ्रान्सच्या डोक्यावरची टांगती तलवार तिथेच उतरली. ८० आणि ८१व्या मिनिटाला एम्बाप्पेचे दोन गोल.

या तिन्ही सामन्यांत एक गोष्ट मात्र हलली नाही. मेस्सी बराच वेळ नुसता चालतो, आणि त्याच्या वाट्याची धाव उजवीकडून डी पॉल काढतो. म्हणून मांडणीचे आकडे लिहिण्याआधी आपल्याकडचा न पळणारा कोण ते ठरवा (तो असतोच, आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यांत चांगला खेळतो). मग त्याच्या बाजूला दमदार हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) द्या.

त्यानंतर तीन की चार. तीन ठेवायचे तर दोन्ही कडांना शेवटपर्यंत वर-खाली करणारे हवेत आणि स्टॉपरपैकी एकाला तरी नीट पास काढता यायला हवा. लिसांद्रो डावखुरा असल्याचा तिथे उपयोग झाला. चार ठेवायचे तर समोरच्या बॅकला घाबरवणारा एक अस्सल विंगर (कडेने हल्ला करणारा) हवा, आणि तो वर गेल्यावर त्याची मागची जागा भरणारा मॅक अ‍ॅलिस्टरसारखा शहाणा हाफही.

मला निवडायचं तर मी चार घेईन. एप्रिलच्या उन्हात, टणक मैदानावर दोन विंगबॅक ७० मिनिटं टिकणं अवघड. तरी तीनच ठेवायचे असतील तर सरावाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत एक कॉर्नर वाया घालवा आणि बघा: समोरचे बॉल घेऊन सुटल्यावर तुमचे दोन्ही कडेचे खेळाडू अर्ध्या रेषेच्या अलीकडे पोहोचलेत, की कमरेवर हात ठेवून तिकडेच उभे आहेत.